दिवेलागणीला पडणारी लिंक

फोन आला तेव्हा अमरनाथ शिरूर अनंतपाळच्या एका शाळेच्या छतावर होता. सकाळचे साडेअकरा झाले होते. डिशचे तीन नट आवळून झाले होते, चौथा हातात होता. फोन मेव्हण्याचा होता, आनंदराजचा. "दाजी..." एवढंच म्हणून तो थांबला. मागं कुणीतरी रडत होतं. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

लातूरच्या दवाखान्यातून अमरनाथ सकाळी सातला निघाला होता. त्याचं मन नव्हतं, पण खाटेवरून त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनंच त्याला पिटाळलं होतं. "शाळेची लिंक दोन दिवस बंद आहे. लेकरांचे फॉर्म भरायचे राहिलेत. मी काय कुठं पळून चालले का? जा तुम्ही." डॉक्टरही म्हणाले होते, परवा घरी सोडू.

त्यानं चौथा नट आवळला. तसाच सोडला असता तर डिश वाऱ्यानं फिरली असती. मग तो खाली उतरला आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, लिंक चालू झाली. बघून घ्या." गाडीला किक मारून तो फाटकापर्यंत गेला, तेव्हा मुख्याध्यापक मागून पळत आले. त्याच्या चपला शिडीखालीच राहिल्या होत्या.

पुढचे तेरा दिवस माणसं येत राहिली. जो तो म्हणायचा, "लई हुशार बाई होती." अमरनाथ मान हलवायचा. ती हुशार होती हे सगळ्यांना माहीत होतं. किती, ते फक्त त्याला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका बुधवारपासून माहीत होतं.

*

त्या वर्षी फेब्रुवारीत उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तूर जोरात आली होती. रस्त्यावर पाऊल टाकलं तरी पायाखाली दाणे कुरकुरत. गुंडप्पांचं अडत दुकान मोंढ्यात होतं आणि त्यांची दालमिल बिदर रोडला, चार किलोमीटरवर. मिलच्या काट्यावर गाडीचं वजन झालं की आकडा दुकानातल्या कॉम्प्युटरवर उमटायचा आणि दुकानातून वजनाची पावती निघायची. त्यासाठी दोन्ही छतांवर एकेक डिश बसवली होती, तोंडाला तोंड लावून. मधे तार नव्हती. धंद्यात याला ब्रिज म्हणतात. हवेतला पूलच तो.

हा पूल पंधरा दिवसांपासून रोज दिवेलागणीला मोडत होता आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आपला आपण जोडला जात होता.

पूल बांधला होता अमरनाथनं. तो नांदेडच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीचा उदगीरचा माणूस. वय सव्वीस, शिक्षण बारावी आणि आयटीआय. लिंक पडली की तो छतावर चढायचा, डिश जराशी फिरवायचा, नट आवळायचा. सकाळी लिंक चालू झालेली असायची. त्याला वाटायचं, आपणच दुरुस्त केली. गुंडप्पांनाही तसंच वाटलं. पहिल्या वेळी त्यांनी चहाबरोबर पेढा दिला. दुसऱ्या वेळी नुसता चहा. तिसऱ्या वेळेपासून पाणीसुद्धा विचारलं नाही.

नांदेडच्या ऑफिसातून फोनवर मदत करणारी मंजुश्री त्याला सहा महिन्यांपासून माहीत होती, पण फक्त आवाजानं. "थांबा. घाई करू नका. आधी काय दिसतं ते सांगा." या आवाजाची त्यानं मनाशी एक बाई रंगवून ठेवली होती. चाळिशीची, अंगानं भरलेली, नाकावर चष्मा, जरा खाष्ट.

बुधवारी सकाळी तो गुंडप्पांच्या छतावर पुन्हा चढलेला असताना हातातला पाना निसटला. खाली तुरीचा ढीग होता. पाना त्यात गडप झाला आणि ढिगाशेजारी कुणीतरी दचकून मागं सरलं. अमरनाथनं वाकून पाहिलं. फिकट पिवळा ड्रेस घातलेली, पाठीला बॅग लावलेली एक मुलगी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाना शोधत होती.

"तुमचा का?" तिनं पाना वर धरून विचारलं.

"हाव. लागलं का?"

"तुरीला लागलं. मला नाही."

त्यानं आवाज ओळखला आणि उतरताना शिडीची पायरी चुकता चुकता राहिली. "मंजुश्री मॅडम?"

"मग? तुम्हाला कोण वाटली?"

"मला वाटलं होतं... चष्मा असंल."

"चष्मा आहे. बॅगेत आहे," ती म्हणाली. "तुम्ही आधी खाली या. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हालाच तुरीत शोधावं लागेल."

गुंडप्पा गादीवर लोडाला टेकून हे ऐकत होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, हातात तुरीचा नमुना. "आल्या का नांदेडच्या डॉक्टरीणबाई?" ते म्हणाले. "हे बघा बाई, पेशंट शनिवारपर्यंत बरा झाला तर ठीक. न्हाईतर रविवारी या दोन्ही छत्र्या उतरवतो आन् दुसरा गडी बघतो. सांजेला माझ्या मिलवर गाड्या उभ्या राहतात. पावती न्हाई तर शेतकरी मला शिव्या घालतो, तुम्हाला न्हाई."

"शनिवारपर्यंत सापडेल," मंजुश्री म्हणाली. "पण तोवर कुणी डिशला हात लावायचा नाही."

ती अमरनाथकडं बघत होती. त्यानं पाना खिशात घातला.

दुपारी समोरच्या टपरीवर चहा पिताना त्यानं विचारलं, "नांदेडहून कुणी येत न्हाई कधी. तुम्ही कशा आलात?"

"मीच मागून घेतलं. फोनवर दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून बघून कंटाळा आला. हे माझं शेवटचं काम आहे इथलं. एक तारखेपासून हैदराबाद, मोठी कंपनी. उदगीरला मावशी आहे, तिच्याकडं राहते. फॉल्ट सापडला की मी मोकळी."

"म्हणजे सापडला की जाणार?"

"मग काय करू? तुरीवर बसू?"

अमरनाथ हसला. पण चहा संपेपर्यंत त्याचं गणित झालं होतं. फॉल्ट सापडेल तेव्हा ही जाईल. शनिवारपर्यंत सापडला नाही तर त्याची नोकरी जाईल. दोन्हीकडून काहीतरी जाणारच होतं, आणि नोकरीची काळजी त्याला हळूहळू कमी वाटायला लागली होती.

*

त्या दिवशी संध्याकाळी ती मिलवर जाऊन बसली. पलीकडच्या टोकाकडून बघायचं, म्हणाली. पावणेसातला तिचा फोन आला.

"पडली. तुम्ही कुठं आहात?"

"शिडीवर," अमरनाथ म्हणाला.

"उतरा."

तो उतरला.

"आता ऐका. सिग्नल मायनस अठ्ठावन्न आहे. चांगला आहे. दोन्ही डिश एकमेकींना बघून राहिल्यात. तरी मी इकडून हाक मारते आणि तुमच्या दुकानातून उत्तर येत नाही. याचा अर्थ काय?"

"काय?"

"पूल शाबूत आहे. पुलावर गर्दी झालीय. नुसती दाटी. माझ्या हाकेला वाटच मिळत नाही."

"मग मी पंधरा दिवस डिश कशाला फिरवली?"

"व्यायाम झाला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि फिरवून फिरवून थोडी वाकडी केलीत. उद्या सकाळी सरळ करू. तुम्ही तिकडं, मी इकडं."

गुरुवारी सकाळी ती मिलच्या छतावर आणि तो दुकानाच्या. चार किलोमीटरवरून ती दिसणं शक्य नव्हतं. तरी त्यानं दोनदा डोळ्यांवर हात धरून त्या दिशेला पाहिलं.

"डावीकडं... थोडं. थोडं म्हटलं! तांदूळभर."

"तांदूळभर म्हणजे किती?"

"श्वास रोखून फिरवाल तेवढं. आकडा उतरला पाहिजे... छप्पन्न... चोपन्न... त्रेपन्न... थांबा!"

तो थांबला. फोनमध्ये वारा घोंघावत होता आणि त्या वाऱ्यात तिचा श्वास ऐकू येत होता. तिनंही रोखून धरला होता.

"आवळा आता," ती हळूच म्हणाली. "हात चांगला आहे तुमचा. डोकं वापरत नाही, ते वेगळं."

असं कौतुक त्याचं आजवर कुणी केलं नव्हतं. ते कौतुक होतं की टोमणा, यावर त्यानं दिवसभर विचार केला आणि कौतुकच होतं असं ठरवलं.

दुपारी तो मिलवर गेला. छतावर ताडपत्र्या पसरून भिजवलेली तूर वाळत घातली होती. मंजुश्री कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन बसली होती. पेन वेणीत खोचलेलं. ती बाकी काही करत नव्हती. बघत होती. अमरनाथनं एवढी शांत बसून बघणारी माणसं फक्त मासे धरताना पाहिली होती.

"काय बघता एवढं?"

"चालू असताना कशी दिसते ते. चालू नीट बघितली नाही तर बंद ओळखू कशी येणार?"

हे त्याला आयटीआयमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बिदरच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि बघता बघता गारा पडायला लागल्या. बोराएवढ्या. खालून माणसं ओरडत वर आली. "तूर झाका! तूर झाका!" अमरनाथनं एका ताडपत्रीची दोन टोकं धरली, मंजुश्रीनं दोन, आणि तूर झाकता झाकता दोघंही ताडपत्रीखाली उकिडवे बसले. वरून ढोल वाजावा तशा गारा आपटत होत्या. ओल्या तुरीचा वास कोंडला होता. तिनं ओढणीखाली धरलेला लॅपटॉप उघडला आणि एकदम ओरडली.

"बघा! बघा ना! एवढ्या गारा पडून राहिल्यात आणि लिंक हललीसुद्धा नाही! म्हणजे छतावर दोष नाही. इकडच्या नाही, तिकडच्याही नाही. दोष घरात आहे, अमरनाथ!"

पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव घेतलं होतं. तिच्या चेहऱ्यावर स्क्रीनचा निळा उजेड पडला होता आणि वेणीत पेनाशेजारी एक गार अडकली होती. ती वितळत होती.

"काय बघून राहिलात?"

"सिग्नल."

"सिग्नल इकडं आहे," तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मला इथून दिसून राहिला."

ती हसली. पण ओढणी सारखी करायला तिला जरा जास्तच वेळ लागला... आणि गारा थांबल्या तरी ताडपत्री उचलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

शुक्रवारी तिनं त्याला काम दिलं. "आज तुम्ही दुकानात बसा. छतावर नाही, गादीच्या कडेला. मशीनकडं बघू नका. माणसांकडं बघा. दिवे लागायच्या वेळी कोण काय करतं, ते. मी मिलवरून बघते."

"माणसांचा काय संबंध?"

"लिंकला घड्याळ कळत नाही. रोज त्याच वेळी पडते म्हणजे रोज त्याच वेळी कुणीतरी काहीतरी करतं."

पंधरा दिवसांपासून गुंडप्पांची सून पुनम दुकानात दिवसभर लॅपटॉपवर बिलं करत होती. भिंतीला एक छोटी डबी होती, तिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळत. स्विच म्हणतात तिला. त्या डबीतून एक वायर पुनमच्या लॅपटॉपला जायची. सहाला ती लॅपटॉप घेऊन घरी गेली आणि वायरीचं टोक गादीवर पडून राहिलं.

साडेसहाला मुनीम उठले. शंकरप्पा मुनीम. गुंडप्पांच्या वडलांच्या वेळेपासूनचे. दुकान बंद करायची त्यांची एक रीत होती. गादीची चादर झटकली. पेनांना टोपणं लावली. नमुन्याच्या पुड्यांची तोंडं वळली. देवापुढं दिवा लावला. मग गादीवर लोंबणारी वायर त्यांच्या नजरेला पडली. त्यांनी ती उचलली, धोतराच्या सोग्यानं टोक पुसलं, डबीत एक रिकामं भोक होतं त्यात नीट बसवलं आणि वर हात जोडले.

डबीवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. वेड्यासारखे, एका तालात.

अमरनाथला त्या घटकेला कळलं. वायरीचं एक टोक त्याच डबीत होतं, आता दुसरंही त्याच डबीत. आत निघालेली हाक फिरून आतच येणार, पुन्हा निघणार, पुन्हा येणार. एकाच्या शंभर, शंभराच्या लाख. आणि पूल बिचारा जे येईल ते पलीकडं नेणार. सकाळी दहाला पुनम येऊन ते टोक उपसून लॅपटॉपला लावणार, की गर्दी संपली. पंधरा दिवस तो छतावर चढत होता आणि दोष इथं, दिव्याखाली बसला होता.

फोन वाजला. "पडली. सहा चाळीस. काही दिसलं?"

त्यानं वायरीकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. तो बोलला की ती उद्या सकाळच्या गाडीत.

"...न्हाई."

"नीट बघितलं?"

"हाव. नीट बघितलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

शनिवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा दारात एक माणूस गुंडप्पांशी भांडत होता. मारोतीमामा, शेजारच्या गावचे. त्यांचा तुरीचा ट्रॅक्टर काल सांजेपासून मिलवर अडकून पडला होता. वजन झालं होतं, पावती नव्हती, आणि पावतीशिवाय माल टाकून जायचं नाही हा मोंढ्याचा शिरस्ता. "माझी माय दोन वर्षं माहूरला जायचं म्हणून राहिली," मामा सांगत होते. "आज पहाटं जीप निघाली. सगळं गाव गेलं. ती बोचकं घेऊन ओट्यावर बसली व्हती माझी वाट बघत."

मंजुश्रीनं सगळं ऐकलं. मग ती अमरनाथला पोत्यांच्या थप्पीआड घेऊन गेली.

"काल लिंक पडल्यावर तुम्ही छतावर गेलात?"

"न्हाई. तुम्हीच म्हणलात, हात लावू नका."

"बुधवारीही म्हटलं होतं. तरी तुम्ही शिडीवर होतात. लिंक पडली की तुमचे पाय आपोआप शिडीकडं जातात. काल गेले नाहीत." ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

त्याच्याकडं बघायला तिला मशीन लागलं नव्हतं. अमरनाथनं मान खाली घालून सगळं सांगितलं. वायर, डबी, मुनीम.

"काल का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर... आज सकाळच्या गाडीनं तुम्ही गेला असता."

मोंढ्यात हमालांचा आरडाओरडा चालला होता. थप्पीआडचं बाहेर कुणाला ऐकू जात नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला होता. त्यात राग किती होता आणि बाकी काय किती होतं, ते त्याला ओळखता येईना.

"एक म्हातारी ओट्यावर बसून राहिली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फॉल्ट कळला की त्याच घटकेला सांगायचा. तो मशीनचा असो का माणसाचा. आपल्या सोयीनं दाबून ठेवायचा नाही. ज्याला हे जमत नाही त्यानं शिडीला हात लावू नये. कळलं?"

"कळलं."

"जा. मामांना सांगा. मालकांना सांगा."

"सगळं सांगू?"

"...सगळं नको. लपवला एवढं सांगा."

त्यानं सांगितलं. दुकानात, सगळ्यांसमोर, हात बांधून. मारोतीमामांनी हात उगारला आणि गुंडप्पांनी तो धरला.

"कळलं व्हतं तर गप का बसला बे?" गुंडप्पांनी विचारलं.

अमरनाथची नजर थप्पीकडं गेली. गुंडप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग थप्पीजवळ पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मंजुश्रीकडं पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अगं बाई! मिल माझी, तूर मामाची, आन् चालू हाय यांचं भलतंच!"

दुकान हसलं. मारोतीमामांनी हात खाली घेतला. "मामा," अमरनाथ म्हणाला, "उद्या पहाटं मी जीप घेऊन येतो. मायला मी नेतो माहूरला. परत आणून सोडतो." तो गेलाही. गडाच्या पायऱ्यांवर म्हातारीला त्यानं पाठीवर घेतलं.

पण त्या सकाळी अमरनाथच्या मनात कायमचं राहिलं ते दुसरंच. शंकरप्पा मुनीम कोपऱ्यात बसले होते, तोंड पांढरं पडलेलं. चाळीस वर्षांत दुकानाचं नुकसान त्यांच्या हातून झालं नव्हतं. मंजुश्री त्यांच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली.

"काका, तुमची चूक नाही. लोंबणारं काही तुम्हाला बघवत नाही म्हणून झालं. असं सगळ्यांचं असतं तर माझी नोकरी गेली असती." तिनं डबीची रिकामी भोकं रबरी बुचांनी बंद केली. भिंतीला एक खिळा ठोकून घेतला. "पुनमताई गेल्या की ही वायर या खिळ्याला टांगायची. आणि बुचं जागच्या जागी आहेत का ते बघायचं. हे काम तुमचं. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मुनिमांनी वायर हातात घेतली, टोक सोग्यानं पुसलं आणि खिळ्याला टांगली. जरा मागं सरून पाहिली. सरळ केली. मग हसले.

सगळ्या दुकानाचा दोष तिनं शोधला आणि एकाही माणसाची मान खाली जाऊ दिली नाही. एकाचीच गेली, ती जायलाच पाहिजे होती.

*

दुपारी तो तिला बसस्टँडवर सोडायला गेला. नांदेडची गाडी लागली होती. तिनं खिडकीची जागा धरली. तो खाली उभा राहिला.

"मॅडम..."

"आता काय राहिलं?"

"एक फॉल्ट अजून हाय. त्याच घटकेला सांगायचा म्हणलात म्हणून सांगतो." त्यानं खिडकीची दांडी धरली. "बुधवारपासून मला दुसरं काही सुचत न्हाई. झोपताना तुमचे आकडे ऐकू येतात. चोपन्न, त्रेपन्न... थांबा. मी थांबलोय तिथंच."

ती समोरच्या सीटकडं बघत राहिली. मग वेणीतलं पेन काढलं, परत खोचलं.

"मी हैदराबादला जाणार," ती म्हणाली.

"जा."

"जा म्हणता?"

"थांबवायचं एकदा करून बघितलं. मामा मारणारच होते."

तेव्हा ती हसली. ताडपत्रीखाली हसली होती तशी. ड्रायव्हरनं दार आपटलं. गाडी हलली, आणि तिनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "रोज सहा चाळीसला फोन करायचा! मला बघायचंय, ही लिंक तरी त्या वेळी टिकते का!"

टिकली. अकरा महिने रोज टिकली. ती हैदराबादला शिकायचं ते शिकून परत आली आणि आल्यावर घरी सांगितलं. अमरनाथच्या आईनं दोनच गोष्टी विचारल्या. पोरगी जंगमाच्या पाया पडते का, आणि याला का करून राहिली. दुसऱ्याचं उत्तर मंजुश्रीनं स्वतः दिलं. "अव्वा, यांचा हात चांगला आहे." डोक्याचं ती बोलली नाही.

लग्नानंतर लातूरला त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. ती खाली बसून शोधायची, तो वर चढून दुरुस्त करायचा. शाळा, दवाखाने, सोसायट्या. आठ वर्षांत तिनं एकदाही अंदाजानं काही सांगितलं नाही. "माहीत नाही, बघते," हे वाक्य ती जेवढ्या सहज बोलायची तेवढ्या सहज अमरनाथनं दुसऱ्या कुणाला बोलताना ऐकलं नाही. लोकांना वाटायचं तिला मशीन कळतं. तिला माणसं कळायची.

तेराव्यानंतर तो शाळेच्या बिलांचे कागद शोधायला बसला. कपाटात खालच्या कप्प्यात एक फाइल होती. तिच्या तपासण्यांची, नांदेडच्या एका डॉक्टरची. पहिल्या रिपोर्टवर तारीख होती दोन महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी ती आईला भेटून येते म्हणून नांदेडला गेली होती. येताना त्याच्यासाठी नवा पाना आणला होता. रात्री त्यानं विचारलं होतं, "दमलीस का?" ती म्हणाली होती, "ऊन आहे."

तिला सगळं माहीत होतं. दोन महिने.

त्यानं त्या डॉक्टरांना विचारलं. आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असं ते म्हणाले. अमरनाथला ते पटलं. का लपवलं तेही त्याला कळतं. एका शुक्रवारी त्यानंही तेच केलं होतं, चार दिवस जसे चाललेत तसे चालावेत म्हणून. पण त्या वेळी तिनं त्याला थप्पीआड नेऊन उभं केलं होतं. रागावली होती, आणि मग हसली होती. या वेळी रागवायची पाळी त्याची होती. तेवढं राहिलं आहे.